दोन ओळींची माफी

४ फेब्रुवारी

प्रिय चिमणे,

तुझ्याकडे येणारं टपाल आधी तीन जण उघडून वाचतात असं ऐकलं. तिघांनाही माझा नमस्कार. हे पत्र त्यांनी खुशाल पुढे पाठवावं. यात बायकाबायकांच्या गोष्टी आहेत, देशाला धोका काही नाही.

परवाच्या पेपरात तुझा आणि लेकीचा फोटो पाहिला, कुठल्याशा इमारतीच्या उद्घाटनाचा. लोकांनी फीत पाहिली असेल, मी तिचे पाय पाहिले. सातवा लागला ना? चपलेचा पट्टा पायात रुतलाय गं पोरीच्या. रक्तदाब बघायला सांग, मीठ कमी कर, आणि तासन् तास उभं राहायचे कार्यक्रम आता बंद. सगळा जन्म प्रसूतिगृहात काढलेली मावशी आहे तिची, एवढं दटावायचा हक्क आहे मला.

ती जन्मली तेव्हा तिचा बाप, आपले मास्तर, आणि माझा नवरा एकाच कोठडीत होते. तुरुंगाच्या फाटकासमोरच्या रांगेत तुला कळा सुरू झाल्या, आणि तू म्हणत होतीस, "ताई, माझा डबा तेवढा आत जाऊ दे, मग जाऊ." मी डबा मागच्या बाईच्या हातात कोंबला आणि तुला भाजीच्या टेम्पोत घातलं. कोबीच्या ढिगावर बसून तू मास्तरांना शिव्या देत होतीस. "देश सुधारायला निघालेत, आणि इथे मी!" आज तेच मास्तर देश चालवतात. बाहेर लोक त्यांना साहेब म्हणतात. मला ते जमत नाही. माझ्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून त्यांनी इतकी पत्रकं लिहिलीत की फरशीवर शाईचे डाग अजून आहेत.

आपलं भांडण कधी झालं नाही. तुझ्या दारावर पहारा आला आणि माझ्या पायांना संकोच आला, एवढंच. नऊ वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत.

बाकी इकडे सगळं ठीक. हे सध्या घरी नाहीत.

आता ताकाला जाऊन भांडं किती लपवू? सोमवारी ह्यांना नेलं. मास्तरांच्या पोलिसांनी, मास्तरांच्या कायद्याखाली. तुला ठाऊक असेल तर हे पत्र फाडून टाक. ठाऊक नसेल तर मला कळव की ठाऊक नव्हतं. तेवढ्यानंही बरं वाटेल.

तुझी,
ताई


१९ फेब्रुवारी

प्रिय चिमणे,

उत्तर आलं नाही, म्हणून मी स्वतः येऊन गेले. फाटकावरच्या जवानानं पिशवीतलं स्वेटर विणायचं सामान काढून ठेवलं, सुया टोकदार आहेत म्हणून. मग तुमचे खासगी सचिव बाहेर आले. फार गोड माणूस. इतका गोड की आपण काय मागायला आलो होतो तेच विसरायला होतं. "मॅडम दौऱ्यावर आहेत," म्हणाले. वरच्या मजल्यावर तुझा रेडिओ चालू होता. रेडिओ ऐकताना तू मधेच गुणगुणतेस, ते काही मोठ्या घरात गेल्यानं बदललेलं नाही.

राग नाही धरला. तुझाही नाइलाज असेल.

कसं झालं ते सांगते, म्हणजे मास्तरांच्या कानावर नीट जाईल. बसआगारातल्या चालक-वाहकांचा संप होता. हे चालक म्हणून निवृत्त झाले तरी घरी कुठे बसतात? संपाच्या सभेत ह्यांना बोलायला उभं केलं. पगाराबद्दल बोलून झालं असतं तर निभावलं असतं. पण हे नव्या कायद्यावर घसरले. म्हणाले, "कायद्याचं नाव तेवढं बदललंय, मजकूर तोच. माणसाला खटल्याशिवाय आत ठेवायचं. ह्याच्याविरुद्ध आपण सगळे तुरुंगात गेलो, आणि आता आपल्याच माणसानं कुलूप तेच ठेवून किल्ली खिशात घातली." माईक बंद केला गेला. ह्यांना माईक लागतो थोडाच? आगारात ह्यांचं नाव उगाच भोंगा पडलं नाही.

सकाळी आले पोलीस. हे ओट्यावर बसून पायाची नखं कापत होते. अधिकारी तरुण होता, सभ्य होता. भिंतीवरचा फोटो बघून चपापला. त्या फोटोत मास्तरांच्या खांद्यावर ह्यांचा हात आहे.

"तुम्ही तर साहेबांचेच ना?" त्यानं विचारलं.

हे म्हणाले, "साहेब आमचे होते."

आणि उरलेली नखं कापून मगच उठले.

त्याच दिवशी वाहकांच्या संघटनेच्या सेक्रेटरीलाही नेलं. बसमध्ये कंडक्टर आहे, पंचविशीची मुलगी. आईचं आगाराशेजारी इस्त्रीचं दुकान आहे. बाप नाही. ह्यांना काका म्हणते, आणि ह्यांच्यापेक्षा जास्त वाद घालते. तिनं सभेत कायद्याचं एक अक्षर काढलं नव्हतं. फक्त खुर्च्या मांडल्या होत्या.

तुरुंग तोच आहे. फाटकाला रंग दिलाय आणि भेटीच्या खोलीत काच बसवलीय. पलीकडे ते, अलीकडे आपण, मधे टेलिफोन. आपल्या वेळी जाळीतून निदान बोटं तरी लागायची.

मी सुटका मागत नाही. दोनच गोष्टी माग मास्तरांकडे. ह्यांची साखर वाढलेली असते, इन्सुलिन वेळेवर आत जाऊ दे. दिलेलं फाटकावरच पडून राहतं. आणि खटला भरा म्हणावं. "खटला चालवा, नाहीतर सोडा!" ही घोषणा कोणी रचली होती ते मास्तर विसरले नसतील. ती द्यायला गर्दीत पहिला आवाज कुणाचा असायचा, तेही.

ताई


१२ मार्च

चिमणे,

काल तू आलीस. सायरन नाही, झेंडा नाही, साध्या गाडीतून, डोक्यावरून ओढणी घेऊन. आमच्या प्रसूतिगृहातल्या नर्सेसच्या कपडे बदलायच्या खोलीत लोखंडी बाकावर बसलीस. मला आधी इतका आनंद झाला की मी तुझे दोन्ही गाल ओढले. तू रडलीस, मी रडले. आया दारातून डोकावली आणि तिला वाटलं कुणाचं बाळ गेलं.

तू गेल्यापासून तुझं बोलणं डोक्यात चरकासारखं फिरतंय. उतरवून काढते, म्हणजे जरा शांत वाटेल.

तू म्हणालीस, "ताई, सोडवते मी त्यांना. फक्त दोन ओळी लिहून द्यायला सांग. चूक झाली, पुन्हा होणार नाही. बस. पाहिजे तर मी मजकूर पाठवते."

मी म्हटलं, "चूक कुठली?"

"तू शब्दांत नको अडकूस. त्यांचा पाय पाहिलास? डॉक्टरांचा रिपोर्ट आलाय माझ्याकडे. अंगठा काळा पडलाय."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. काचेतून पाय दिसत नाहीत.

मग मी ते बोलले, जे बोलायला नको होतं. मी म्हटलं, "चिमणे, असाच कागद मास्तरांपुढेही आला होता. तू तो घेऊन माझ्याकडे आली होतीस, सही करून घेऊ का विचारायला. मी नको म्हटलं. मास्तरांनी तेव्हा सही केली असती तर आज कुठल्या तरी शाळेत पाढे घेत बसले असते."

तुझा चेहरा तेव्हा जसा झाला तसा मी कधी पाहिला नव्हता. तू म्हणालीस, "हो. तू नको म्हणालीस. मी तुझं ऐकलं. माझी लेक चालायला लागली, बोलायला लागली, आणि बाप घरी आला तेव्हा त्याला बघून पलंगाखाली लपली. तू बरोबर होतीस असं सगळे म्हणतात, ताई. मी कधी म्हटलेलं नाही."

इतकी वर्षं मला वाटत होतं, त्या दिवशी मी तुला आधार दिला.

जाताना तू माझा हात धरलास. "दोनच ओळी, ताई. त्याच्यापुढे काही नाही. माझ्या लेकीची शपथ."

भेट शनिवारी आहे. ह्यांना काय सांगू, मला समजत नाही. ज्या माणसानं सबंध आयुष्यात एकदाही चुकीच्या थांब्यावर बस उभी केली नाही, त्याला सांगू की चूक झाली म्हण?

ताई


२१ मार्च

प्रिय चिमणे,

हे घरी आले. तुझे उपकार कसे फेडू?

शनिवारी मी टेलिफोन उचलला आणि आधी हवापाण्याचं बोलले. ह्यांनी ओळखलं. म्हणाले, "गाडी रिव्हर्सला टाकलीयस, कुठे जायचंय ते सांग."

मी सांगितलं. हे हसले नाहीत, चिडलेही नाहीत. काचेला कपाळ टेकवून विचारलं, "तू सांगतेस?"

"मी सांगते."

"संघटना नाही, वकील नाही, तू?"

"मी. मला पाय नसलेला नवरा चालेल, पण नवराच नसलेलं घर नको."

मागचा शिपाई वेळ संपली म्हणून खाकरला, तेव्हा म्हणाले, "आण तो कागद."

गुरुवारी सोडलं. इस्पितळात अंगठा काढावा लागला, पण बाकीचा पाय वाचेल असं सर्जन म्हणतात. मी शेजारी खुर्ची टाकून बसते. इन्सुलिन देते, पट्टी बदलते, मऊ भात भरवते. सगळं मुकाट्यानं खातात. मीठ कमी झालं तरी बोलत नाहीत. पूर्वी मीठ कमी झालं तर अख्ख्या चाळीला कळायचं.

थकवा असेल. येईल आवाज हळूहळू.

कागदावर खरंच दोनच ओळी होत्या, असं म्हणाले. पानाच्या वरच्या बाजूला दोन ओळी, खाली सही. तू शब्द पाळलास.

कंडक्टर मुलीचंही तेवढं बघ. तिची आई रोज विचारते. आता मला तिच्या दुकानावरून जाताना नजर चुकवावी लागते, कारण माझं माणूस घरी आलं आणि तिचं नाही.

लेकीला आता नववा लागेल. जप तिला.

तुझी,
ताई


३ एप्रिल

चिमणे,

आज फक्त एकच विचारायचंय. तुला माहीत होतं का?

पेपरात चार पानांचा जबाब छापून आलाय. ह्यांचा. शेवटच्या पानावर त्या दोन ओळी आणि ह्यांची सही, आणि त्याच्या आधी तीन पानं, जी ह्यांनी जन्मात पाहिली नाहीत. त्यात लिहिलंय की संपाच्या दिवशी बसगाड्या पेटवायचा कट होता. तो कंडक्टर मुलीनं रचला. डिझेलचे डबे कुठे ठेवायचे तेही तिनं ठरवलं. आणि हे सगळं ह्यांना सहन झालं नाही, म्हणून देशप्रेमापोटी ह्यांनी सांगून टाकलं.

एक काडीही पेटली नव्हती गं त्या दिवशी. सभा संपल्यावर त्या मुलीनं खुर्च्या परत नेऊन ठेवल्या.

ह्यांनी पेपर दोनदा वाचला. मग काठी घेऊन आगारात गेले. मी मागोमाग. चहाच्या टपरीसमोर चालकांचा बाक आहे, तिथे ह्यांची जागा ठरलेली. कुणी शिवी दिली नाही. सगळ्यांनी सरकून जागा करून दिली. हे बसले. आणि मग एकेक जण, कुणाला गाडी काढायची आठवण झाली, कुणाला पाणी प्यायचं, असं करत बाक रिकामा झाला. टपरीवाल्यानं ह्यांच्यापुढे चहा ठेवला आणि तोंड फिरवून भांडी विसळत बसला. हे तो चहा गार होईपर्यंत बघत राहिले. चिमणे, लोकांनी दगड मारले असते तर मी मधे पडले असते. रिकाम्या बाकाच्या मधे कशी पडू?

संध्याकाळी मुलीची आई घरी आली. मी तोंडात मारल्यासारखी उभी. तिनं मला बाजूला केलं नाही, आरडाओरडा केला नाही. ह्यांच्यासमोर येऊन म्हणाली, "मला फक्त एक सांगा. माझी पोरगी असं काही बोलली होती का? बोलली असेल तर मी तिला विचारीन. मला कळायला पाहिजे, मी काय वाढवलंय ते."

हे म्हणाले, "नाही. ती काही बोलली नव्हती."

"मग झालं," ती म्हणाली. "मला वाटलं होतंच." आणि चप्पल घालून निघून गेली.

आल्यापासून ह्यांनी माझ्याखेरीज कुणाशी बोललेली ही पहिली सलग वाक्यं.

तुला माहीत होतं का? हो म्हण, नाहीतर नाही म्हण. त्या तिघांपैकी कुणीही कळवलं तरी चालेल.


३० एप्रिल

चिमणे,

तुझं उत्तर आलं नाही, तुझे डॉक्टर आले. उंची बूट, हळू आवाज. ह्यांचा पाय तपासला आणि म्हणाले, "कोर्टानं साक्षीला बोलावलंय ना? मी प्रमाणपत्र देतो, प्रवास झेपणार नाही म्हणून. तुम्हाला जावं लागणार नाही. जबाब पुरेसा आहे." जाताना मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं की मॅडमना तुमची फार काळजी आहे.

तेव्हा माझं उत्तर मला मिळालं. की अजून नाही मिळालं? तुला खरंच काळजी असेल. तुझ्या काळजीचा उपयोग कोण कसा करून घेतं, हे तुला कळत नसेल. मी आजही तुझ्यासाठी सबबी शोधते. सवय जात नाही.

मी ह्यांना म्हटलं, "घ्या ते प्रमाणपत्र."

हे म्हणाले, "एकदा तुझं ऐकलं. आता तू माझं ऐक."



कोर्टात त्या मुलीला आणलं. केस कापलेत तिचे, उवा झाल्या म्हणून. हे काठी टेकत पिंजऱ्यात चढायला लागले तर तीच आरोपीच्या जागेवरून ओरडली, "काका, सावकाश! डावा पाय आधी!" न्यायाधीशांनी तिला गप्प केलं. हिच्याविरुद्ध साक्ष द्यायला बोलावलेला माणूस, आणि हिला त्याच्या पायाची चिंता.

सरकारी वकिलानं विचारलं, "ही सही तुमची?"

"माझी."

"मग जबाब तुमचा."

"सही माझी. जबाब तुमचा."

लोक हसले. वकिलानं पुन्हा विचारलं. आणि मग हे बोलले, चिमणे. त्या बंद खोलीत पंखे थांबल्यासारखे झाले. "मी ह्या पोरीबद्दल कुणालाही काहीही सांगितलेलं नाही. मी दोन ओळींची माफी मागितली होती, कारण माझी बायको एकटी पडली होती. ती माफीही मी आता परत घेतो. माझी काही चूक झाली नव्हती. कायदा चुकीचा होता तेव्हाही, आताही." बाहेरच्या व्हरांड्यात बसलेल्या लोकांनाही ऐकू गेलं म्हणतात. चालकांपैकी पाच-सात जण आले होते, ते उभे राहिले.

माफी परत घेतली म्हणून सवलत रद्द झाली. तिथूनच ह्यांना आत नेलं. मी इन्सुलिनची पिशवी बरोबर नेली होती. मला अंदाज होता. शिपायाच्या हातात दिली तर म्हणाला, "फाटकावर जमा करा."

ह्यांनी वळून माझ्याकडे बघितलं आणि हसले. लग्नानंतर पहिल्या पगाराच्या दिवशी हसले होते तसे. मला इतका राग आला त्यांचा, आणि इतकं बरं वाटलं.

ऐकलं, तुला नातू झाला. आई-बाळ सुखरूप आहेत ना? आनंद झाला. खरंच झाला.


९ जून

चिमणे,

हे गेले. तुरुंगाच्या इस्पितळात, सकाळी. विष पायातून वर चढलं. तुला हे माझ्याआधी कळलं होतं, कारण मला तुझ्याच फोनवरून कळलं.

मीच तुला "रडू नकोस" म्हणत होते. मग तू म्हणालीस की मास्तरांची इच्छा आहे, ह्यांना सरकारी इतमामानं निरोप द्यावा. आंदोलनातला जुना शिपाई म्हणून. मी म्हटलं, ज्यांनी मारलं त्यांनी खांदा द्यायचा? तू म्हणालीस, "मास्तरांचं सोड. माझ्यासाठी, ताई. इतकं तरी करू दे मला. नाहीतर मी आरशात कशी बघू?"

आणि मी हो म्हटलं.

का म्हटलं? दमले होते. आणि थोडं, थोडं मला हवंही होतं. चालकांच्या रिकाम्या बाकावर गार चहापुढे बसलेला माझा नवरा मला विसरता येत नव्हता. वाटलं, गावानं एकदा त्यांना मान देताना बघावं.

बघितलं. झेंड्यात गुंडाळलं त्यांना. बंदुकांची सलामी झाली. मास्तर बोलले, छानच बोलले, ते नेहमीच छान बोलतात. म्हणाले, "हा माणूस आमच्या चळवळीचा आवाज होता. ह्याच्या तोंडून कधी खोटा शब्द आला नाही." तुरुंगाचं नाव काढलं नाही. "दीर्घ आजार" म्हणाले. तू माझ्या शेजारी बसून माझा हात घट्ट धरला होतास, आणि तुझा हात थंडगार होता. लांब दोरीपलीकडे इस्त्रीवाली उभी दिसली. मी हात केला, तिनंही केला.

मास्तर माझ्यापाशी आले. जवळून बघितले मी इतक्या वर्षांनी. म्हातारे झालेत. मी विचारलं, "मास्तर, ती पोरगी कधी सुटणार?"

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. कॅमेरे चमकले. म्हणाले, "न्यायालय स्वतंत्र आहे, वहिनी."

फोटो सुरेख आलाय. सगळ्या पेपरांत आहे.


२ जुलै

चिमणे,

गेल्या आठवड्यात निकाल लागला. तिला बारा वर्षं.

मी आणि तिची आई शेजारी बसलो होतो. न्यायाधीशांनी निकाल वाचला. ते म्हणाले की साक्षीदारानं कोर्टात जबाब फिरवला तो आजारपणात आणि जुन्या सहकाऱ्यांच्या दबावाखाली, म्हणून ते बोलणं बाजूला ठेवलंय. पहिला जबाब विश्वासार्ह आहे. का, तर ज्या माणसाला देशानं सलामी दिली, ज्याच्या तोंडून कधी खोटा शब्द आला नाही अशी ग्वाही देशाच्या प्रमुखांनी जाहीरपणे दिली, त्याच्या सहीवर अविश्वास ठेवायला कोर्टाला कारण दिसत नाही.

मी पुढचं ऐकलं नाही. माझ्या कानात बंदुका वाजत होत्या. तो मान मी घेतला होता, चिमणे. मी हो म्हटलं होतं. त्या झेंड्यानं त्यांनी माझ्या नवऱ्याचं तोंड बांधलं आणि तिच्या पायात बेडी घातली, आणि मी पुढच्या रांगेत बसून ते बघत होते, तुझा हात धरून.

तिच्या आईला मी सगळं सांगितलं, कोर्टाच्या आवारातच. कपडे बदलायची खोली, दोन ओळी, तुझा फोन. ती माझ्या थोबाडीत मारील असं वाटत होतं. ती म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग? ज्यांनी ऐकायला पाहिजे त्यांना सांगा."

म्हणून वरच्या कोर्टात अपील केलंय, आणि त्यात माझं प्रतिज्ञापत्र जोडलंय. तू साध्या गाडीतून आलीस तेही आहे, काय म्हणालीस तेही आहे, डॉक्टर आले तेही आहे. तुझं नाव घेतलंय. नाव घेतल्याशिवाय त्याला अर्थ नव्हता. पोलीस माझ्याकडेही येतील, माहीत आहे. प्रसूतिगृहातून मला कालच कमी केलं. तुलाही कोर्ट बोलावेल. न बोलावण्याची खटपट होईल, पण आमच्या वकीलबाई चिवट आहेत. तेव्हा काय सांगायचं ते तुझं तू ठरव. मास्तरांना विचारू नकोस. तुझी लेक पलंगाखाली लपली तेव्हा ते नव्हते, आपण दोघी होतो.

हे पत्र मी हातोहात पाठवतेय, आणि हे शेवटचं. वकीलबाई म्हणाल्या, ज्यांना साक्षीला बोलवायचंय त्यांच्याशी पत्रव्यवहार ठेवायचा नाही, दोघींच्याही अंगाशी येईल. म्हणजे आता आपल्याला कायद्यानंच बोलता येणार नाही. इतकी वर्षं आपण उगाच आपणहून गप्प होतो.

प्रतिज्ञापत्र लिहून घेताना वकीलबाईंनी तुझ्या नावापाशी पेन थांबवलं.

"ह्या बाईंशी तुमचं नातं काय?"

मी म्हटलं, "बहीण."

त्यांनी मान वर केली. "सख्खी की मानलेली? कोर्टात फरक पडतो."

खिडकीतून बाहेर गाड्यांचा आवाज येत होता. वकीलबाई पेन टेकवून थांबल्या होत्या. बिचाऱ्यांनी घाई केली नाही.

मी म्हटलं, "मानलेली."

त्यांनी तसं लिहून घेतलं.